बैलांची चक्री

औंढ्याच्या जत्रेत चक्री लावायला आलेल्या माणसाला आमच्या गावचे लोक पहिल्यांदा एकच गोष्ट ऐकवत. "बाबा, आमच्या गावात देऊळच फिरलंय, तुझ्या चक्रीचं आमाला काय कौतुक?" नामदेवांच्या कीर्तनासाठी नागनाथानं देऊळ फिरवलं आणि म्हणून आमचा नंदी देवळाच्या मागच्या अंगाला राहिला, हे सगळ्या मुलखाला ठाऊक आहे. चक्रीवाला बिचारा हसायचा. न हसून सांगतो कुणाला? आणि बोलणारे तेच लोक घटकाभरानं पोराला कडेवरून उतरवून चक्रीवर बसवत.

माझं दुकान त्या चक्रीच्या शेजारी. शिवरात्रीला उकडलेली रताळी आणि दुसऱ्या दिवशी पारणं फिटलं की भजी. मालक लाकडं फोडायचे, पाणी भरायचे. तळायचं आणि बोलायचं काम माझं. तेव्हा औंढ्याच्या चक्र्यांचा इतिहास कुणी विचारलाच तर तो या मंजुळाबाईइतका कुणाला सांगता येणार नाही. कुणी विचारत नाही, ही गोष्ट वेगळी.

आधी हिंगोलीहून एक चक्री यायची. तिथल्या इंग्रजी छावणीच्या काळातली, घोड्यांची. घोड्यांचे रंग उडालेले, एकाला शेपूटच नव्हतं आणि सगळ्या पोरांना नेमका तोच हवा असायचा. त्यावरून मारामाऱ्या व्हायच्या. पुढं तो चक्रीवाला म्हातारा झाला, यायचा बंद झाला, आणि माझ्या कढईशेजारची जागा ओस पडली. मग सन पस्तीसच्या शिवरात्रीला भावसिंग आला.

पुसेगावकडच्या एका तांड्यावरचा माणूस. हाडापेरानं मोठा, बोलण्यात मात्र भारी कंजूष. सोबत बायको जिवनबाई, धाकटा भाऊ पेमा, आणि गाडीत गोधडीवर बसलेली म्हातारी आई, नानीबाई. त्यांनी खांब रोवला, खांबाच्या टोकावर गाडीचं चाक आडवं बसवलं, चाकाला दांड्या बांधल्या आणि दांड्यांना एकेक करून जनावरं टांगली. मी पाहते तर घोडे नाहीत. बैल! आठ बैल. पोळ्याला पाटावर मांडतात तसले ठोकळे नव्हेत. एकाची शिंगं मागं वळलेली, एकाच्या कपाळावर चांद, एकाचा कान फाटलेला. प्रत्येकाचा चेहरा वेगळा.

मला राहवलं नाही. "दादा, घोडे काहून न्हाई केले?"

"घोड्याचं आमाला काय ठावं?" तो म्हणाला आणि चाकाला वंगण लावायला लागला.

बाकीचं मला जिवनबाईनं सांगितलं. ती बोलायला मोकळी होती, माझ्यासारखीच, म्हणून आमचं पहिल्याच दिवशी जुळलं. तिच्या सासरचे लोक पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घालायचे. त्या निघण्याला ते लदेणी म्हणत. पुढं आगगाडी आली, सडका झाल्या, लादलेल्या बैलांना कुणी विचारेना. बैल विकले, तांडा एका जागी बसला आणि लोक शेती करायला लागले. सगळ्यांना ते पचलं. नानीबाईला पचलं नाही. ती जन्मली होती चालत्या बैलावर. तिच्या आईला खाली उतरवायलाही सवड झाली नव्हती म्हणे. लग्न वाटेवर, बाळंतपणं वाटेवर. उतारवयात मोतीबिंदूनं डोळे गेले आणि समोरचं दिसेनासं झालं, तशी ती जुन्यातच राहायला लागली. रोज सकाळी गाठोडं बांधून झोपडीच्या दारात बसायची आणि विचारायची, "लदेणी कवा?"

भावसिंग म्हणायचा, "उद्या, याडी." त्यांच्यात आईला याडी म्हणतात. पण माणसानं स्वतःच्या आईला उद्या उद्या किती वर्षं म्हणावं? शेवटी एका पावसाळ्यात तो पुसेगावच्या सुताराजवळ जाऊन बसला. बापाचा एकेक बैल आठवून सांगितला आणि सुतारानं तो लाकडात उतरवला. याडीला मरायच्या आधी एक डाव बैलावर बसवून लदेणीला काढायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. चक्रीवर पोट चालेल हे नंतरचं.

"मंग तांड्यातच का न्हाई फिरवली?" मी विचारलं.

जिवनबाईनं कपाळाला हात लावला. "तांड्याचा नायक म्हने, खोटी लदेणी करत नसतात. नायकानं शब्द दिल्याबिगर बैलावर बसलं तर तांड्यावर खरंच उठायची पाळी येती. कुनी बसंना बाई. मंग आमी म्हनलं, जत्रंतल्या मानसाला काय त्याचं!"

इथंच चुकलं त्यांचं. जत्रेतल्या माणसाला त्याचं नव्हतं, पण दुसरंच काहीतरी होतं. आणि ते त्यांच्या ध्यानात आलं नाही, कारण त्यांच्यात लेकरं बैलावर बसूनच मोठी व्हायची. आमच्यात बैलाला पाय लागला तरी आधी नमस्कार करतात.

आखाडा बाळापूरचे उकंडराव पाटील दर शिवरात्रीला सहकुटुंब यायचे. त्यांची बायको सुमनबाई दर्शन करून, हातात कुंकवाचा करंडा आणि उरलेला बेल घेऊन माझ्या दुकानाकडं येत होती. तिनं ते बैल पाहिले. थबकली. मग पदर डोक्यावर नीट घेऊन एका बैलाच्या कपाळाला कुंकू लावलं, बेल वाहिला आणि पाया पडली. झालं! तिच्या मागच्या बाया कशाला मागं राहतात? एकीनं लावलं म्हणून दुसरीनं लावलं, दुसरीनं तांदूळ टाकले म्हणून तिसरीनं नारळ फोडला.

भावसिंग हात जोडून म्हणाला, "बाई, लेकराला बसवा की."

"नंदीवर?" सुमनबाईचे डोळे मोठे झाले. "नागनाथाच्या दारात? काय बोलून राहिला तू, बाबा!"

दिवस कलेपर्यंत आठही बैल लालभडक झाले. बसलं कुणी नाही. पेमा मात्र खूश होता. बैलांपुढं खोबरं, तांदूळ, केळी यांचा ढीग पडला होता. "दादा, हे बेस झालं. ढकलायचं बी काम न्हाई."

जिवनबाई त्याच्यावर अशी ओरडली की माझ्या हातातलं रताळं खाली पडलं. "मी चक्री घेऊन आली, देऊळ न्हाई! उचल ते सारं."

गर्दी थोडी ओसरल्यावर भावसिंगनं आईला गाडीतून उचलून चांद असलेल्या बैलावर बसवलं. नानीबाईचे हात आपसूक शिंगांवर गेले. त्या वेळचा तिचा चेहरा मी पाहिला. पोरगी झाली होती हो ती. जिवनबाई एका बैलावर बसली, पेमा दुसऱ्यावर, आणि भावसिंग दांडीला खांदा लावून चालायला लागला. चाक कुरकुरलं, बैल हलले. म्हातारीनं कान टवकारले. थोडा वेळ ऐकत राहिली.

"बाकीचे कुठं हायत?" ती म्हणाली.

"हायत की, मागं."

"न्हाईत. रिकामी बैलं घेऊन तांडा निघत न्हाई, भावसिंग. उतरव मला."

त्यानं उतरवलं. त्यांचे लोक अपशकुन म्हणून बसेनात, आमचे लोक पाप म्हणून बसेनात, आणि मधल्या मधे त्या म्हातारीची लदेणी अडली. मला सुमनबाईचा राग आला. तिला जाऊन काही बोलावं असंही वाटलं. पण खरं सांगायचं तर ते बैल उतरवताना माझा पाय एकाला लागला, तेव्हा मीही पटकन हात जोडलेच होते.

पुढच्या वर्षी भावसिंग आला तो घोडे घेऊन. म्हणजे बैल तेच. सुतारानं शिंगं ओढून काढली होती, भोकांत खुंट्या ठोकल्या होत्या, मानेवर अंबाडीची आयाळ चिकटवली होती आणि वशिंड लपावं म्हणून वर जाड खोगीर घातलं होतं. खोगिराखाली वशिंड काही लपलं नव्हतं. लोक म्हणाले, भावसिंगचा घोडा आजोळच्या अंगानं उंटावर गेलाय. पण बसले! अहो, गेल्या वर्षी ज्याच्या कपाळाला कुंकू लावलं, त्याच्याच पाठीवर टांग टाकून बसले. सुमनबाईनं स्वतः नातवाला बसवलं. मी मुद्दाम विचारलं, "पाटलीनबाई, औंदा पाप न्हाई लागत व्हय?"

"आता घोडा हाय की तो," ती शांतपणे म्हणाली.

शिंगं काढली की देव गेला. इतकं सोपं असतं ते, मला माहीत नव्हतं.

चक्री चालली. नुसती चालली नाही, पळाली. पोरांच्या किंकाळ्यांनी माझे कान बसले आणि भज्यांचा खप वाढला, म्हणून मी तक्रार केली नाही. सवड मिळताच भावसिंगनं आईला आणलं आणि भरलेल्या चक्रीवर, पोरांच्या गलक्यात बसवायला उचललं. तिनं हात पुढं केले. डोकं चाचपलं. शिंगं नव्हती. आयाळ हाताला लागली तशी तिनं हात मागं घेतला.

"हे आपलं जनावर न्हाई," ती म्हणाली. "आपली लदेणी गेली वाटतं पुढं. मला कुनी उठवलं न्हाई."

आणि ती रडली. म्हातारी माणसं रडतात तशी, आवाज न करता. भावसिंगनं खांदा दांडीला लावला आणि पोरांना फिरवायला लागला. त्याचं तोंड मला दिसलं नाही, बरंच झालं.

तिसऱ्या वर्षी त्यानं एकाच बैलाची शिंगं परत बसवून पाहिली, आईपुरती. आयांनी ती शिंगं पाहिली आणि सगळ्याच चक्रीवरून पोरं उतरवली. एक नंदी तर सगळेच नंदी! मग त्यानं तो नाद सोडला. शिंगं असली तर माणसं नाहीत, माणसं असली तर शिंगं नाहीत. तरी तो दर वर्षी आईला जत्रेला आणायचा, दर वर्षी ती हात पुढं करून डोकं चाचपायची आणि परत गाडीत जाऊन बसायची. पोट चाललं, पोरं मोठी झाली, चक्रीचं नाव झालं, पार कळमनुरीकडचे लोक भावसिंगची चक्री म्हणून विचारत यायला लागले. लोकांना वाटायचं, नशीब काढलं गड्यानं. मला ठाऊक होतं की त्यानं जे करायला चक्री बांधली ते काही होत नाही, आणि म्हणून तो हसत नाही.

अशी वर्षं गेली. मग अठ्ठेचाळीसची शिवरात्र आली.

त्या साली जत्रा भरली असं म्हणवत नाही. बाहेर देश स्वतंत्र झालेला आणि आम्ही निजामाच्या मुलखात अडकलेले. रझाकारांच्या भीतीनं रस्त्यावर माणूस नव्हतं, रोज एक नवी बातमी यायची. दुकानं मोजकीच लागली. पोरं तर कुणी आणलीच नव्हती. मी रताळी शिजवली ती आम्हीच दुकानदारांनी खाल्ली. तरी भावसिंग आला. पेमा नव्हता, जिवनबाई आणि नानीबाई तेवढ्या गाडीत.

जिवनबाई माझ्याजवळ येऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "तांडा उठून राहिला, बाई. पैनगंगेच्या पलीकडं, वऱ्हाडात. नायकानं शब्द दिला."

"मंग जावा की लवकर."

"रस्त्यानं गाड्या न्हाई नेता येत. रानारानानं पायी जायचं. अन् याडीला नुसतं उचललं तरी तिची हाडं दुखत्यात." तिनं पदर डोळ्याला लावला. "हे म्हनतात, तू लेकरं घेऊन जा, मी याडीपाशी राहतो. तांडा रिकामा, हे दोघंच. काय व्हईल मंजुळा, सांग तूच."

काय होईल ते तिलाही कळत होतं आणि मलाही. मी पाहिलं, भावसिंग चक्री उभी करत होता आणि एका पोत्यातून शिंगं काढून एकेक बैलाला बसवत होता. आयाळ उपटून टाकली होती, खोगिरं काढली होती. आता गिऱ्हाईकच नव्हतं, तर गिऱ्हाईक जाईल याची भीती कसली? आठही बैल परत पहिल्यासारखे उभे राहिले. मग तो आमच्या दुकानांपुढं येऊन उभा राहिला. बोलायला कंजूष माणूस, शब्द जुळवायला त्याला वेळ लागला.

"बाई, भाऊ," तो म्हणाला, "याडीला एक डाव काढायचंय. रिकामी बैलं घेऊन ती निघत न्हाई. तुमी बसता का?"

बांगड्यावाला खाली बघायला लागला. रेवडीवाल्यानं पाटी झाकली. पाप ते पापच होतं ना, त्यात काही बदल झाला नव्हता. मीच पुढं व्हायला हवं होतं, पण माझे पायही जागचे हलेनात. आणि पुढं झालं कोण? सुमनबाई. त्या वर्षीसुद्धा नवस म्हणून ती उकंडरावांसोबत आली होती. आता तीही म्हातारी झाली होती. तिनं बैलाच्या कपाळाला हात लावला, तो आपल्या कपाळाला लावला आणि म्हणाली, "नागनाथा, मायसाठी हाय रे बाबा हे. माफ कर." आणि मला म्हणाली, "मंजुळा, हात दे. मला चढता येत न्हाई."

तिला चढवून मीही चढले. मग बांगड्यावाला आला, रेवडीवाला आला, गुरव आला. उकंडराव पागोटं सावरत, कुणी बघत तर नाही ना असं चहूकडं बघत बसले. जिवनबाई बसली. आठवा चांद असलेला बैल, त्यावर नानीबाई. तिनं हात पुढं केले, शिंगं धरली आणि घट्ट धरली.

"मागं कोन कोन हाय?" तिनं विचारलं.

आम्ही एकेकानं ओ दिली. उकंडरावांनीसुद्धा.

"चला," नानीबाई म्हणाली.

भावसिंग एकटाच ढकलत होता. चाक फिरायला लागलं, बैल हलले, वारा तोंडावर आला. मी उभ्या जन्मात कशावर बसून फिरले नव्हते. पोरं का किंचाळतात ते मला तेव्हा कळलं. नानीबाई तर पुरती बदलली होती. "लेकरं बांधून घ्या... पानी पुढं हाय, घाई करू नगा... उतार हाय, बैलाला सांभाळा!" ती हाका देत होती आणि आम्ही वेड्यासारखे "व्हय, व्हय" म्हणत होतो. उकंडराव हसत होते. भावसिंगही हसत होता. इतक्या वर्षांत त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

तेवढ्यात देवळात कुणीतरी घंटा वाजवली. आम्ही फिरून आलो, तर परत घंटा. परत एक फेरा, परत तीच घंटा. म्हातारीची हाक थांबली. तिला दिसत नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं.

"ही घंटा मघाशी ऐकली," ती म्हणाली. "आपुन मागं फिरलो, भावसिंग."

त्यानं दांडीखालचा खांदा बदलला.

"तांडा मागं फिरत नसतो. कुनी वाटंत राहिलं तरच फिरतो. कोन राहिलं?"

"कुनी न्हाई, याडी." त्याला धाप लागली होती.

"मंग काहून फिरून राहिलास?"

तो नुसता चालत राहिला. चाक कुरकुरत होतं. आमच्यातलं कुणी हसत नव्हतं आता.

"थांबव," नानीबाई म्हणाली.

चक्री थांबली. तिनं एक हात शिंगावरून काढून हवेत चाचपला, तो भावसिंगच्या डोक्यावर आला. "मला समदं ठावं हाय. रोज कुजबुजता तुमी, मी बहिरी न्हाई. माझ्यासाठी तू इथंच फिरून राहिला. तांडा जाऊन राहिला अन् तू फिरून राहिला." मग सुनेला हाक मारली. "जिवने, मीठ हाय का?"

जिवनबाईला काय ते कळलं आणि ती मोठ्यानं रडायला लागली. मला कळलं नाही, म्हणून नानीबाईनंच सांगितलं. लदेणीत एखाद्याला पुढं चालवेनासं झालं, तर मुक्कामाच्या गावात एक घर बघून त्या घरच्या बाईच्या पदरात मूठभर मीठ घालायचं आणि माणूस तिच्या हवाली करायचं. मीठ दिलं की तो माणूस त्या घरचा. त्याला टाकलं असं होत नाही, आणि तांड्यानं त्याच्यासाठी मागं फिरायचं नसतं.

"ती भज्यावाली कुठं हाय?" तिनं विचारलं. "तिच्या हाताला तेलाचा वास येतो. उपाशी न्हाई मारायची ती मला."

भावसिंग नाही नाही म्हणत होता. तिनं ऐकलं नाही. माझ्याच दुकानातलं मीठ घेऊन जिवनबाईनं माझ्या पदरात घातलं. मालकांना मी विचारलं नाही. त्यांच्याकडं नुसतं बघितलं, तर ते आधीच गाडीतली गोधडी काढत होते.

तांडा गेला. चक्रीचं सामान आमच्या परसात पडून राहिलं. शिंगांमुळं पावसाळ्यात सुद्धा कुणी त्यातलं लाकूड चुलीला नेलं नाही, एवढं सुमनबाईच्या धर्माचं मला मानावं लागलं. नानीबाई माझ्या ओसरीवर राहिली. आता ती लदेणी कवा असं विचारत नव्हती. आता ती रोज विचारायची, "तांडा कुठवर गेला असंल?"

मला हिंगोलीच्या पलीकडचं काय ठाऊक? पण तिच्या त्या तोंडाकडं बघून 'ठावं न्हाई' म्हणवेना. पहिल्या दिवशी मी म्हणाले, नदी उतरले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, वाशीम. मग माझी गावं संपली. तशी मी सडकेवर जाऊन गाडीवाल्यांना विचारायला लागले, वाशीमच्या पुढं कोणतं गाव? त्याच्या पुढं? त्यांना वाटलं मंजुळाबाईला वेड लागलं. मंगरूळ, कारंजा, मूर्तिजापूर. मी एकेक गाव आणून तिला द्यायची आणि ती ते घोळवत बसायची. कधी म्हणायची, तिथं पाणी गोड हाय. कधी माझ्यावर चिडायची, "तिथं मुक्काम न्हाई करत, चोर हायत." मला वाटायला लागलं की खरंच कुणीतरी त्या वाटेनं चाललंय. कधी कधी तर मीच चाललेय. घरची कामं करता करता मला सातपुड्याचा घाट दिसायचा, मी कधी टेकडीवर सुद्धा चढले नसताना. एक दिवस मी एक गाव सांगितलं, तर तिनं मान हलवली. "त्याच्या फुडं मी गेले न्हाई कधी," म्हणाली. "माझी मानसं माझ्या ठाव्यातून बाहेर गेली." त्या दिवशी ती जेवली नाही. आणि खरं पाहता तिची माणसं वाशीमजवळच कुणाच्या तरी शेतात पाल ठोकून बसली होती, एवढ्या जवळ.

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली आणि निजामी संपली. रस्ते मोकळे झाले. थोड्याच दिवसांत एका सकाळी आमच्या दारात बैलगाडी येऊन थांबली. भावसिंग उतरला, मागून जिवनबाई. तो वाळून गेला होता. ओसरीवर येऊन त्यानं आईच्या पायांवर डोकं ठेवलं.

नानीबाईनं डोकं चाचपलं आणि ओळखलं. पण ती हसली नाही. "परत काहून फिरलास?"

"तू राहिली होतीस, याडी," तो म्हणाला.

"मी राहिली न्हाई. मला ठेवलं. मीठ देऊन ठेवलेलं मानूस परत न्हाई नेत."

भावसिंगनं माझ्याकडं पाहिलं. दारात गाडी, गाडीला खरे बैल, आणि त्या माणसाला आपल्या आईला नेता येत नव्हतं. मला राग आला. कुणाचा ते सांगता येत नाही. तिचा, तिच्या त्या रितीचा, आणि सगळ्यात जास्त माझा, कारण ती राहिली तर मला हवीच होती. सहा-सात महिन्यांत मला तिची इतकी सवय झाली होती की तिला जेवू घातल्याशिवाय माझा घास उतरत नसे. तिच्या पाठीशी उभं राहून मी नुसतं "रीत हाय बाबा" म्हटलं असतं, तरी भागलं असतं.

मी आत गेले, मिठाच्या मडक्यात हात घातला आणि बाहेर येऊन मूठ जिवनबाईच्या पदरात रिकामी केली.

"घे," मी म्हणाले. "आता तुजी."

नानीबाईनं आवाज ऐकला होता. मग तिनं आपलं गाठोडं जवळ ओढलं आणि त्याची गाठ आवळली. भावसिंगनं तिला उचलून गाडीजवळ नेलं. गाडीत बसण्याआधी तिनं हात लांब करून उजव्या बैलाचं शिंग धरलं, कपाळावरून हात फिरवला आणि त्याचं नाव विचारलं. भावसिंगनं सांगितलं. मग ती बसली.

निघताना तिनं मागं पाहिलं नाही. तिला दिसत नव्हतं हे खरं, पण दिसत असतं तरी पाहिलं नसतं. त्यांच्यात तसं पाहत नाहीत. मला हे सगळं ठाऊक होतं, तरी मी गाडीच्या मागं वेशीपर्यंत चालत गेले.